फळ्याची खालची अर्धी जागा

मी पालेगावच्या नाक्यावरचा फळा बोलतोय. असे इकडेतिकडे बघू नका, जरा त्या मोठ्या फ्लेक्सच्या मागे वाकून बघा. ज्या दादांचा वाढदिवस आहे, त्यांच्या काळ्या गॉगलच्या बरोबर मागे मी आहे. एके काळी या नाक्यावर रिक्षाची वाट बघणारं माणूस मला वाचल्याशिवाय रिक्षात पाय ठेवत नव्हतं. आता माझ्या चौकटीत खिळे ठोकलेत आणि डोळ्यांसमोर दिवसरात्र दादांची पाठ. बोलायला कुणी नाही म्हणून आतल्या आत कुढत असतो. तुम्ही थांबलातच आहात, तर ऐका.

माझा जन्म अंबरनाथच्या एमआयडीसीतला. परदेशातून एक यंत्र आलं, ते ज्या लाकडी खोक्यातून आलं त्या खोक्याची मी एक बाजू. यंत्र कारखान्यात गेलं आणि खोकं अंगणात पडलं. तिथे कामाला असलेल्या भगवाननी साहेबांना विचारलं, मला सायकलच्या कॅरिअरला बांधलं आणि वस्तीत घेऊन आले. माझ्या पाठीवर अजून एक बाण आहे. ही बाजू वर ठेवा, असं त्याच्याखाली इंग्रजीत लिहिलंय. घाईत भगवानना ते दिसलं नाही आणि त्यांनी मला उलटा टांगला. तेव्हापासून मी पाय वर करूनच जग बघतोय. खरं सांगायचं तर जगसुद्धा मला बरंचसं तसंच दिसलं.

चौकट बसवायला ते मला उल्हासनगरच्या कॅम्प दोनमध्ये घेऊन गेले होते. शेजारीच रंगाचं दुकान. दुकानदार सिंधी, भगवानच्या ओळखीचा.

"साईं, फळ्याचा काळा रंग द्या."

"क्या भगवानभाऊ, स्कूल खोला क्या?"

"स्कूल नाय. नाक्यावर बातम्या लिहायच्यात."

"अरे, न्यूज के लिए पेपर है ना!"

"पेपरात आमची बातमी कधी येते साईं? आली तर चोरीची, नाहीतर मारामारीची."

साईं हसले. "हमारे कॅम्प का भी वही हाल है. कुछ नकली पकडा गया तो फोटो, नहीं तो हम हैं ही नहीं." त्यांनी डबा पुढे सरकवला आणि त्यावर खडूचं एक खोकं ठेवलं. "ये मेरी तरफ से. अच्छा अच्छा लिखना." ते शब्द ऐकले आणि मला उगाचच आपण कुणीतरी मोठे झाल्यासारखं वाटलं. तोपर्यंत माझ्यावर एक रेघसुद्धा ओढलेली नव्हती.

आमची बौद्ध वस्ती आणि पालेगाव यांच्यामधल्या नाक्यावर मला उभा केला. एका बाजूने वस्तीचा रस्ता येतो, दुसऱ्या बाजूने शेतांतून गावाची पायवाट. गाव आणि वस्ती एकमेकांपासून हाकेच्या अंतरावर. पण हाक मारायची पद्धत नव्हती.

लिहायचं काम श्यामकांतकडे आलं. तो वस्तीच्या मंडळाचा सेक्रेटरी, आणि त्याचं अक्षर म्हणजे काय सांगू! पांढऱ्या अक्षराला निळ्या खडूची सावली द्यायचा, जणू अक्षर फळ्यावरून उठून बाहेर येतंय. पण लिहायचा काय? कुणा साहेबांना वाढदिवसाच्या हार्दिक शुभेच्छा. कुणाचं दुःखद निधन. चलो दादर, चलो नागपूर. माझ्यावर माणसं यायची ती एकतर वाढदिवसाची, नाहीतर मेलेली. मधली जिवंत माणसं समोरून रोज जायची आणि त्यांच्याबद्दल माझ्यावर अवाक्षर नसायचं. मला त्याचं वाईट वाटायचं, पण फळ्याचं कोण ऐकतो?

माझ्या पायाशी गावातली वेणूबाई भाजी घेऊन बसायची. नाथाची बायको. यांचं शेत पायवाटेच्या पलीकडे, दोन ताडांच्या खाली. पावसाळ्यात भात, भात कापला की त्याच ओलीवर वाल. बाई तोंडाने फटकळ, पण हाताने जपून. वस्तीतल्या बायकांना भाजी देताना हात उंच धरून वरूनच पिशवीत सोडायची. हाताला हात लागायला नको म्हणून. कुणी त्यावर बोलत नव्हतं. मी खाली बघून गप्प बसायचो.

दोन हजार चार सालची थंडी. भगवानची मुलगी प्रीती वस्तीत बालवाडी चालवायची. संध्याकाळी ती वालाच्या शेंगा घ्यायला थांबली. वेणूबाईने मिरच्या बांधायला रद्दीच्या पेपरचं पान फाडलं आणि तिचा हात थांबला.

"पोरी, ह्ये आमचे ताड न्हवं? काय लिवलंय गं?"

प्रीतीने पान सरळ केलं. रंगीत फोटो होता. "ओसाड माळावर उभं राहतंय नवं शहर, असं लिहिलंय मावशी. घरांची जाहिरात आहे."

"ओसाड?" वेणूबाईने शेंगांची टोपली तिच्यापुढे सरकवली. "मंग ह्यो वाल काय आभालातून परला? आगं, त्यो फोटोवाला आला तवा मी तितंच खुरपीत व्हते. मना म्हनला, मावशी, जरा बाजूला व्हा, फोटोत येताव. मी येडी, झाले बाजूला!"

प्रीती हसली नाही. तिने चौकटीवरचा खडू उचलला, कुणा साहेबांच्या शुभेच्छा फडक्याने पुसल्या आणि म्हणाली, "मावशी, तुम्ही सांगा, मी लिहिते."

वेणूबाई आधी लाजली. मग लाजणं सोडून सांगत सुटली. त्या संध्याकाळी माझ्यावर लिहिलं गेलं: 'ओसाड माळावरची बातमी. दोन ताडांखाली वाल फुलला आहे. यंदा शेंग भरदार. सांगणार, वेणूबाई, पालेगाव.'

प्रीतीचं अक्षर म्हणजे कोंबडीचे पाय. पण लोक थांबले. कुणी हसलं, कुणी दुसऱ्याला हाक मारून दाखवलं. स्टेशनवरून आलेली माणसं गावाकडे वळून वळून ताड शोधायला लागली. ती माझी पहिली बातमी. त्याआधी जे लिहिलं होतं त्याला मी बातमी म्हणत नाही, श्यामकांतने कितीही सावल्या दिल्या असल्या तरी.

मग रोजचंच झालं. वर मथळा 'ओसाड माळावरून', खाली वस्तीचं आणि गावाचं काय काय. नळाला पाणी किती वाजता येतं. बालवाडीत कोण नवीन आलं. गावदेवीच्या जागेजवळ कुणी मोजणीच्या खुंट्या ठोकल्या. सांगणारे बहुतेक निरक्षर, म्हणून प्रीतीने एक नियम केला: ज्याची बातमी त्याला आधी वाचून दाखवायची. त्याने 'बराबर' म्हटलं तर ठेवायची, 'नाय' म्हटलं तर पुसायची. एकदा तिने 'नाथाच्या गाईला वासरू झालं' असं लिहिलं. नाथाने ऐकून मान हलवली. "नाय. वासरू काय, कालवड झाली म्हन. आन् गाईचं नाव लिव. कपिली. तिनं केलं सगलं, मी नुसता उभा व्हतो." प्रीतीने पुसून परत लिहिलं. नाथा "बराबर" म्हणाला आणि तिथून हलेना. गावातून जो येईल त्याला तो माझ्यासमोर आणून उभा करत होता.

ते 'बराबर' ऐकायला मी दिवसभर वाट बघायचो. माझ्यावर पुष्कळ लोकांनी लिहिलं, पण मला विचारून लिहिल्यासारखं तेव्हाच वाटायचं. श्यामकांतचं तोंड मात्र थोडे दिवस वाकडं होतं. एवढी चांगली जागा आणि कोंबडीचे पाय! पुढे तोही निवळला. मथळा त्याने लिहायचा आणि बातमी प्रीतीने, असं ठरलं. सणावाराचा, जयंतीचा फळा पूर्ण त्याचा.

आणि एक दिवस असा होता की त्याला कुणीच हात लावत नसे. सहा डिसेंबर. महापरिनिर्वाण दिन. आदल्या संध्याकाळी मला स्वच्छ पुसायचं आणि फक्त अभिवादन लिहायचं. दुसरी एक ओळ नाही. वस्तीतल्या लहान पोराला विचारा, तेही सांगेल. आम्हाला वाटायचं, हे सगळ्या जगाला माहीत आहे.

दोन हजार सहा सालचा पाच डिसेंबर. प्रीती बायकांबरोबर सकाळीच दादरला गेली होती. चैत्यभूमीवर लांबून आलेल्या लोकांना पाणी वाटायचं काम तिच्याकडे होतं. इथे श्यामकांत स्टुलावर उभा राहून माझ्यावर 'महामानवास विनम्र अभिवादन' लिहीत होता. एवढ्यात पायवाटेने वेणूबाई धापा टाकत आली.

एव्हाना तिच्या शेताभोवतीची बहुतेक जमीन त्या नव्या शहराच्या बिल्डरकडे गेली होती. नाथाने तेवढी आपली ठेवली होती. पण नाक्यावर यायची पायवाट आता बिल्डरच्या जागेतून जात होती. तीच वाट वस्तीतली पोरं गावातल्या शाळेत जायला वापरत होती.

"आरं बाला, उद्या वाटंवर भिंत घालतान. विटांचा टेंपो येऊन पडलाय. गावातली मानसं गप्प बसलीत, त्यांनी जमिनी दिल्यान. तुमी लोक उभं रायलंव तर थांबल. लिव."

"हो मावशी, सांगतो सगळ्यांना," श्यामकांत म्हणाला. त्याच्या हातात निळा खडू होता.

"मोठं लिव. लांबून दिसलं पायजे."

"मोठंच लिहितोय."

वेणूबाई टोपली उपडी घालून तिथेच बसली. एकेक अक्षर होताना बघत राहिली. रोज ती "वाच" म्हणायची. त्या दिवशी म्हणाली नाही. इतकं देखणं, इतकं मोठं लिहिलेलं दुसरं काही असेल हे तिच्या मनातसुद्धा आलं नसावं. शेवटच्या अक्षराला सावली देऊन श्यामकांत खाली उतरला, तेव्हा ती उठली आणि म्हणाली, "लय चांगलं लिवलंस माझ्या राजा." तिच्या डोळ्यांत पाणी होतं. श्यामकांतला वाटलं, हिला अभिवादन आवडलं. त्याला भरून आलं. त्याने हात जोडले.

मी ओरडायला हवं होतं. पण मला तोंड नाही हो, जे असतं ते दुसऱ्याने लिहिलेलं.

श्यामकांत वाईट माणूस नाही, हे मला आधी सांगू द्या. फळ्यावर आज दुसरं लिहायचं नाही, हे वेणूबाईलाही ठाऊक असणार असं त्याने धरलं. भिंतीचं विहारात सगळ्यांना तोंडी सांगू, असं मनाशी ठरवलं. विहारात पोचला तर गाडी आलेली, झेंडे बांधायचे, म्हाताऱ्यांना चढवायचं. त्या धांदलीत सांगायचं राहून गेलं. हे सगळं त्यानेच पुढे सगळ्यांसमोर सांगितलं.

सहा तारखेला वस्तीत शुकशुकाट. जवळपास सगळे दादरला. वेणूबाई उजाडताच आली, आज भाजी न घेता. माझ्याखाली उभी राहिली, लुगड्याचा पदर खोचून. गवंडी आले. मुकादमाने दोरी ताणली.

"थांबा," ती म्हणाली. "आता येतील लोक. बातमी लागलीय." आणि तिने माझ्याकडे बोट दाखवलं.

मुकादमाने मला वाचलं. मग तिच्याकडे बघितलं. आणि तो वाळू चाळायला वळला. ऊन चढत गेलं, विटांवर विटा चढत गेल्या, आणि वेणूबाई वस्तीच्या रस्त्याकडे बघत होती. नाथा तिला न्यायला आला तर त्याच्यावरच खेकसली. "तू जा. ती मानसं येनार. त्यांनी लिवलंय." संध्याकाळी भिंत तिच्या डोक्यापेक्षा उंच झाली तेव्हा ती उठली आणि लांबून वळसा घालून घरी गेली. जाताना माझ्याकडे एकदा बघितलं. ती नजर मी विसरलेलो नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी दादरला गेलेली माणसं परतली. खांद्यावर पिशव्या, हातात नवी पुस्तकं, पाय सुजलेले. वेणूबाई नाक्यावर उभीच होती. प्रीतीला बघून म्हणाली, "बातमी लागली पोरी, तरी कोनी आला नाय."

प्रीतीने माझ्याकडे बघितलं, मग भिंतीकडे. "मावशी, ही तुमची बातमी नाहीये."

श्यामकांत मागेच होता. त्याने पिशवी खाली ठेवली आणि झालं ते सगळं सांगितलं. आज फळ्यावर दुसरं काही का लिहीत नाहीत, तेही सांगितलं.

"मंग त्ये मना तवाच सांगाचं व्हतंस," वेणूबाई म्हणाली.

"मला वाटलं, तुम्हाला माहीत असेल मावशी. इतकी वर्षं शेजारी आहोत."

प्रीतीने फडकं घेतलं, श्यामकांतकडे बघितलं. त्याने मान हलवली. मग तिने मला पुसलं आणि तिच्या वेड्यावाकड्या अक्षरात लिहिलं: 'काल वाटेवर भिंत घातली. वेणूबाईंनी बातमी आदल्या दिवशी आम्हाला दिली होती. आम्ही ती लिहिली नाही. त्या दिवसभर आमची वाट बघत उभ्या होत्या.' आणि नियमाप्रमाणे वाचून दाखवलं.

सगळे 'बराबर'ची वाट बघत होते. वेणूबाईने मान हलवली.

"नाय. आजून लिव. वेनूबाईला त्यांचा दिस म्हाईत नव्हता. इतकी वर्सं समोर व्हते, पन तिनं कवा इचारला नाय."

प्रीतीचा खडू दोनदा मोडला. लिहून झाल्यावर तिने परत वाचलं.

"बराबर," वेणूबाई म्हणाली. मग टोपलीतून कोथिंबिरीची एक जुडी काढली आणि प्रीतीच्या हातात ठेवली. वरून सोडली नाही. हातात ठेवली.

ती बातमी कुणी पुसू दिली नाही. वस्ती आणि गावातली काही माणसं मिळून भिंतीजवळ बसायला लागली, रोज संध्याकाळी, भजनाला बसावं तशी. अंबरनाथहून एका पेपरचा माणूस कॅमेरा घेऊन आला. माझा फोटो काढताना वेणूबाईला म्हणाला, "मावशी, जरा..." तो पुढे काय म्हणणार होता कोण जाणे. "मी हितनं हलनार नाय," ती म्हणाली. दुसऱ्या दिवशी पेपरात मी होतो, माझ्यावरचे कोंबडीचे पाय होते आणि शेजारी वेणूबाई, कपाळाला आठ्या घालून. मथळ्यात ओसाड हा शब्द नव्हता. माझ्यावरचीच ओळ त्यांनी जशीच्या तशी घेतली होती.

भिंत पडली नाही. पण बिल्डरच्या माणसांनी तिच्यात एक फट पाडली. माणूस जाईल एवढी. डोक्यावर टोपली घेतली तर आडवं होऊन जावं लागतं. वेणूबाई आडवी व्हायची, शिव्या द्यायची आणि यायची. शाळेची पोरं मात्र सुळकन जायची.

पुढच्या पाच डिसेंबरला श्यामकांत स्टूल घेऊन आला. अभिवादन त्याने वरच्या अर्ध्या भागात लिहिलं, नेहमीसारखंच देखणं. खालची अर्धी जागा कोरी ठेवली. मंडळातल्या कुणीतरी विचारलं, हे काय नवीन? तो म्हणाला, "गावाकडून काही बातमी आली तर?" वस्तीतल्या म्हाताऱ्यांनी विचार केला आणि हरकत घेतली नाही. वेणूबाई आली, ती विचारतच. "आज काय लिवायचं नसतं ना?" श्यामकांतने खालच्या जागेवर हात ठेवला. "ही तुमची." तिने वालाची बातमी दिली. मला आठवतंय, त्या दिवशी मी फार खूश होतो.

मग फ्लेक्स आले. कॅम्प दोनमध्ये यंत्रावर भराभर छापून मिळायला लागले. लोकांच्या हातात मोबाईल आले. भगवान गेले. त्यांची निधनवार्ता प्रीतीनेच लिहिली, रडत रडत, आणि त्यात मला उलटा टांगल्याची गोष्टसुद्धा घातली. पुढे तिचं लग्न होऊन ती वांगणीला गेली. कोंबडीचे पाय माझ्यावरून गेले आणि त्यांच्याबरोबर बरंच काही गेलं. ताडांच्या जागी आता सात मजली इमारती आहेत. भिंत आहे, फट आहे. पण आडवं होऊन येणारं कुणी दिसत नाही, कारण मला दिसतच काही नाही. वाढदिवसाची माणसं परत आली, या वेळी रंगीत आणि गॉगल लावून.

गेल्या पाच डिसेंबरला श्यामकांत आला. त्याचे केस पिकलेत. त्याने दादांचा फ्लेक्स सोडवून बाजूला ठेवला, मला ओल्या फडक्याने पुसलं आणि वर अभिवादन लिहिलं. खालची जागा कोरी ठेवून तो खडू घेऊन उभा राहिला, तोंड फटीकडे करून. दिवेलागण झाली. "मावशी, जागा ठेवलीये," तो हळूच म्हणाला. मग स्टूल उचललं आणि गेला. दोन दिवसांनी दादा परत माझ्यावर आले.

वेणूबाईचं काय झालं, ते मला माहीत नाही. फ्लेक्सच्या पलीकडे माणसं रिक्षाची वाट बघत बोलतात, ते कानावर येतं. कुणी म्हणतं, नाथाने जमीन दिली आणि दोघं लेकीकडे गेली. कुणी आणखी काही म्हणतं, ते मला ऐकवत नाही. मी ते धरतही नाही. ती बातमी कुणी तिला वाचून दाखवलेली नाही. तिने 'बराबर' म्हटलेलं नाही.

तुम्ही फिरणारी माणसं आहात. वांगणीला, बदलापूरला, कुठल्या बाजारात एखादी फटकळ म्हातारी वालाच्या शेंगा घेऊन बसलेली दिसली, तर तिला एवढं सांगा की नाक्यावरच्या फळ्याची खालची अर्धी जागा अजून तिचीच आहे. लिहिता यायची गरज नाही, नुसतं येऊन सांगितलं तरी चालेल. तुमची स्वतःची काही बातमी असेल तर तुम्हीही या. फ्लेक्स वरून सैल आहे, हाताने निघतो. श्यामकांत खडू चौकटीवरच ठेवून गेलाय.